बाँडवाल्याला हिशेब मिळतो, मग करदात्याला का नाही?

फेब्रुवारी २०२३ मध्ये आपल्या इंदूर नगर निगमाने ग्रीन बाँड काढले, म्हणजे पर्यावरणाच्या कामासाठी लोकांकडून व्याजाने पैसे उभे केले. रक्कम २४४ कोटी, व्याज सव्वाआठ टक्के. जलूदला ६० मेगावॅटचा सौर प्रकल्प उभारायचा आणि नर्मदेचं पाणी इंदूरपर्यंत चढवायला जी वीज लागते तिचं बिल कमी करायचं, असा हेतू. महापालिकेचे ग्रीन बाँड सामान्य माणसाला थेट विकत घेता आले, असं देशात पहिल्यांदाच घडलं. मागणी कितीतरी पटींनी जास्त आली. मला त्याचा अभिमान वाटला आणि आजही वाटतो.

पण तेव्हापासून एक प्रश्न डोक्यातून जात नाही. बाँड विकायचे तर सेबीचे, म्हणजे शेअर-बाँड बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेचे, नियम पाळावे लागतात. मागच्या वर्षांचे तपासलेले हिशेब, डोक्यावरचं कर्ज, क्रेडिट रेटिंग, न्यायालयात चालू असलेली प्रकरणं, सगळं माहितीपत्रात छापावं लागतं. परतफेडीचा पैसा वेगळ्या खात्यात बाजूला काढावा लागतो. बाँड विकून झाले तरी हिशेब कळवत राहावं लागतं. म्हणजे मुंबईत किंवा सुरतेत बसून ज्याने चार पैसे गुंतवले, त्याला निगमाच्या तिजोरीत काय चाललंय ते कायद्याने घरबसल्या कळतं. आणि इथे इंदूरच्या लोकमान्य नगरात वर्षानुवर्षं संपत्तिकर, जलकर, कचऱ्याचं शुल्क भरणाऱ्या काकांना आपल्या गल्लीतल्या ड्रेनेज लाइनवर किती पैसे गेले हे हवं असेल, तर आधी अर्ज करा.

हे उलटं आहे. गुंतवणूकदार व्याज घेऊन निघून जाईल. काका इथेच राहणार आहेत.

याची किंमत काय असते ते एप्रिल २०२४ मध्ये दिसलं. एमजी रोड ठाण्यात गुन्हा दाखल झाला. आरोप असा की ड्रेनेजची जी कामं झालीच नाहीत, त्यांची बिलं निगमात लागली आणि पैसेही निघाले. सुरुवातीला आकडा २८ कोटींचा होता, तपास पुढे गेला तसा तो १०० कोटींच्या पलीकडे गेल्याच्या बातम्या आल्या. कोण दोषी हे न्यायालय ठरवेल, मला त्यात पडायचं नाही. मला त्या बिलाचा रस्ता समजून घ्यायचा आहे.

एखादं काम कागदावर कसं जातं बघा. वर्क ऑर्डर निघते. काम झालं की इंजिनीयर मोजमाप करून माप पुस्तिकेत म्हणजे एमबीमध्ये नोंद करतो. त्यावर बिल बनतं, वरच्या सह्या होतात, ऑडिट होतं, मग लेखा विभाग पैसे सोडतो. इतक्या टेबलांवरून फाइल फिरते. पण या सगळ्या साखळीत जिच्या दारासमोर पाइप पडायचा आहे, ती बाई कुठेच नाही. तिला कुणी विचारलं असतं तर तिने एका वाक्यात सांगितलं असतं, की अहो, आमच्याकडे खोदलंच नाही! रस्ता कुठल्या महिन्यात खणला, माती किती दिवस पडून होती, पाणी कधी तुंबलं, हे गल्लीतल्या माणसांच्या तोंडी असतं. एवढा तगडा साक्षीदार फुकटात हजर असताना आपण त्याला हिशेबाबाहेर ठेवतो.

म्हणून माझी मागणी एकच आहे. ८५ही वॉर्डांतल्या प्रत्येक कामाची नोंद गल्लीच्या नावाने सगळ्यांसमोर असावी. काम कोणतं, ठेकेदार कोण, एमबीचं पान, बिलाची रक्कम, पैसे निघाल्याची तारीख. तारखेवर माझा विशेष जोर आहे. खरं काम केलेले छोटे ठेकेदार महिनोन्‌महिने बिलासाठी चकरा मारतात, कारण निगमाची तिजोरी बरीचशी भोपाळवर, म्हणजे राज्य सरकारवर अवलंबून आहे. जकात १९७६ मध्ये गेली आणि तेव्हापासून चुंगी क्षतिपूर्तीची, म्हणजे जकातीच्या बदल्यात राज्याकडून येणाऱ्या भरपाईची, वाट बघणं सुरू झालं. तिजोरीत खडखडाट असताना कुणाचं बिल आधी निघालं, हा साधा प्रश्न नाही. रांग उघड झाली की रांग मोडणारा दिसतो.

काही जण म्हणतात, शहर स्वच्छतेत २०१७ पासून पहिलं येतंय, मग उगाच काड्या कशाला घालायच्या? मला हे पटत नाही. ओला-सुका कचरा वेगळा करायची सवय या शहराने घराघरांत लावून घेतली. निगमाने लोकांवर भरवसा टाकला आणि लोकांनी तो खरा केला. त्याच लोकांना बिलाचा कागद समजणार नाही, असं कसं म्हणता येईल? आणि आपण तर अहिल्याबाईंचं नाव घेतो. होळकरांच्या राज्यात खासगी (घराण्याची स्वतःची मिळकत) वेगळी आणि दौलत (राज्याचा खजिना) वेगळी होती. देशभर बांधलेल्या घाटांना आणि मंदिरांना पैसा खासगीतून गेला. २०२५ मध्ये त्यांच्या तीनशेव्या जयंतीच्या निमित्ताने राज्याचं मंत्रिमंडळ राजवाड्यात बसलं, चांगलं झालं. त्यांच्या हिशेबाची शिस्तही तितक्याच आदराने घ्यावी, एवढंच.

यासाठी नवा कायदाही नको. माहिती अधिकाराच्या २००५ च्या कायद्यात कलम ४ आहे. बजेट, योजना, खर्च आणि वाटलेला पैसा हे कुणी न मागता कार्यालयाने स्वतःहून जाहीर करावं, लोकांना अर्ज करण्याची वेळच येऊ नये, असं ते सांगतं. आठ हजार कोटींच्या वरचं बजेट मांडणाऱ्या आणि ३११ अ‍ॅपवर तक्रारी घेणाऱ्या निगमाला हे तांत्रिकदृष्ट्या अवघड असेल, असं मी मानायला तयार नाही.

तोवर आपल्या हातात काय आहे? त्याच कायद्याचं कलम २(j) बहुतेकांना माहीत नाही. त्यात फक्त कागदाची नक्कल मागण्याचा नाही, तर प्रत्यक्ष कामाची पाहणी करण्याचा आणि वापरलेल्या मालाचा प्रमाणित नमुना घेण्याचाही अधिकार आहे. तुमच्या कॉलनीत गेल्या दोन वर्षांत रस्ता किंवा ड्रेनेज झालं असेल, तर त्या एका कामाची वर्क ऑर्डर, एमबी आणि बिल मागा, आणि त्याच अर्जात पाहणीही मागा. दहा रुपयांचा अर्ज आहे. उत्तरासाठी ३० दिवसांची मुदत असते. एकट्याने नका करू, कॉलनीतले चार-पाच जण मिळून करा, पार्षदांनाही (नगरसेवकांनाही) सांगून करा. मजकूर कसा लिहायचा हे कुणाला हवं असेल तर खाली कमेंट करा, मी मराठी आणि हिंदी दोन्हीत लिहून देईन.