वैनगंगा समुद्रापर्यंत जायला हवी

पावसाळा आला की आमच्या गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर वैनगंगेवरच्या गोसेखुर्द धरणाचे ३३ दरवाजे उघडल्याचा व्हिडिओ येतो आणि खाली कोणीतरी लिहितंच, ‘एवढं पाणी समुद्रात फुकट चाललं.’ वैनगंगा-नळगंगा जोडप्रकल्पाला राज्य मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये मंजुरी दिल्यापासून या वाक्याला जोर चढला आहे. सव्वाचारशे किलोमीटरच्या कालव्याने हे पाणी बुलडाण्यापर्यंत न्यायचं आहे. बुलडाण्याच्या शेतकऱ्याला पाणी मिळू नये, असं मी कधीच म्हणणार नाही. पण ते ‘फुकट’ वाचलं की माझं डोकं फिरतं.

मी इकडून, नेदरलँड्समधून, ग्रुपवर तसं लिहिलं तर चुलतभावाचं उत्तर आलं, ‘तू समुद्राच्या काठावर बसून सांगून रायला. आपल्या विदर्भात समुद्र हाये का?’

नाही. पण वैनगंगा वर्धेला मिळून प्राणहिता होते, प्राणहिता सिरोंच्याजवळ गोदावरीत जाते आणि पुढे आंध्रचा त्रिभुज प्रदेश याच पाण्याने आणलेल्या गाळावर उभा आहे. वर धरणं गाळ अडवतात, म्हणून खाली किनारा खचतो. तिथल्या कोरिंगाच्या खारफुटीला गोडं पाणी लागतं, ते आपल्याकडूनही जातं.

आणि झिंगे? लहानपणी पवनीच्या बाजारात ढिवरीण (मासेमार) बाई पळसाच्या पानावर झिंग्यांचे वाटे घालून बसायची. गोदावरीतल्या मोठ्या झिंग्याची पिल्लं मुखाशी, मचूळ पाण्यात वाढतात आणि मग प्रवाहाविरुद्ध वर चढतात. धरण झाल्यापासून तो झिंगा वर येत नाही, असं आमचे ढिवर सांगतात. त्यांना कोणी विचारायला गेलं नाही.

आपला किनाऱ्याचा कायदा मात्र भरतीच्या रेषेपासून ५०० मीटर मोजतो, वरच्या नदीकडे बघत नाही. त्याच्या १९९१ च्या अधिसूचनेत दुरुस्त्यांवर दुरुस्त्या झाल्या. २०११ मध्ये नवी आली, २०१९ मध्ये आणखी नवी. तिने दाट वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावरचा बांधकामबंदीचा पट्टा २०० मीटरवरून ५० वर आणला. जागतिक बँकेच्या पैशातून २०१० मध्ये एकात्मिक किनारा व्यवस्थापन सुरू झालं ते गुजरात, ओडिशा आणि पश्चिम बंगालमध्ये. गोदावरीचं मुख त्यात नव्हतंच. आणि असतं तरी नागपूरचं सांडपाणी नाग आणि कन्हान नदीतून गोसेखुर्दच्या फुगवट्यात येतं, त्याचं काय? महापालिका एकीकडे, पाटबंधारे दुसरीकडे, मत्स्यव्यवसाय तिसरीकडे. एकात्मिक हा शब्द फायलीवरच राहतो.

मी राहतो तिथे हारिंगव्लीटचं धरण आहे. १९७० मध्ये नदीचं तोंड बंद केलं आणि ऱ्हाइनमध्ये वर जाणारा सामन मासा अडला. दरवाजे थोडे उघडे ठेवायचं ठरलं, तर शेतकरी आणि पाणीपुरवठावाले म्हणाले, खारं पाणी आत येईल. २०१० मध्ये सरकारने निर्णयच मागे घेतला. वरच्या देशांनी माशांसाठी खर्च केला होता, ते चिडले. मग निर्णय पुन्हा फिरला. गोडं पाणी उचलायची ठिकाणं आधी पूर्वेला हलवली आणि २०१८ मध्ये दरवाजे किलकिले झाले. इतकी वर्षं भांडण चाललं, पण ते समोरासमोर चाललं. शेतकऱ्याची सोय आधी झाली, मग माशाची. म्हणून मला इथलं कौतुक वाटतं आणि ते मी लपवत नाही.

मार्च २०२३ मध्ये वॉटरस्खापच्या, म्हणजे इथल्या पाणी मंडळाच्या, निवडणुकीत मीही मत दिलं. नागरिकत्व नसलं तरी देता येतं. परक्या नदीच्या तोंडाबद्दल मला मत आहे आणि माझ्या मामाचं गाव फुगवट्यात गेलं तेव्हा मामाला मत नव्हतं. ही गोष्ट मला आतून खाते. भाऊ म्हणतो, तू आता तिकडचा झाला. झालोही असेन. पण गोसेखुर्दचा व्हिडिओ आला की मी आधी पवनीचा घाट शोधतो, पाणी कोणत्या पायरीपर्यंत चढलं ते बघतो.

म्हणून भावाला पुन्हा लिहिलं: कालवा खणायच्या आधी उन्हाळ्यात नदीत किती पाणी सोडणार ते लेखी घ्या, नाग नदी आधी साफ करा आणि बैठकीला पवनीचे ढिवर व आंध्रचे कोळी एकाच टेबलावर बसवा. तो अजून उत्तरला नाही.