सर्वांना सामावून घ्या, आत घेऊ नका

सरचिटणीस झाल्याबद्दल अभिनंदन. आरोग्य कर्मचाऱ्यांची संघटना कशी चालवायची हे मी तुम्हाला सांगायला नको. पण यंदा वरून ‘विविधता आणि सर्वसमावेशकता’ वाढवा म्हणून पत्र आले आहे, आणि तुम्ही ते मनावर घेतले आहे असे कानावर आले. म्हणून हा लेखनप्रपंच.

आधी बॅनर छापून घ्या. मध्ये ‘आम्ही सारे एक’, बाजूला समई, क्रूस, चंद्रकोर. फक्त साल घालू नका. साल घातले की पैसे एकाच वर्षाचे वसूल होतात.

मग भाषा. आपल्या गोव्यात १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरी कोकणीला पाटावर बसवले, मराठीची बाजूला सोय केली, रोमन लिपीत कोकणी लिहिणारे रोमीवाले अजून रुसलेले आहेत. वॉर्डात पाहावे तर सिस्टर फोनवर मल्याळम बोलते आणि सफाईवाली कन्नडमध्ये देवाला हाका मारते. तेव्हा परिपत्रक इंग्रजीत काढा. ते कुणालाच नीट कळत नाही. याहून समान वागणूक ती कोणती? कोणी फारच विचारू लागला तर कोकणी-मराठीचा विषय काढून द्या. चहा येईपर्यंत परिपत्रक कशाचे होते हे तुम्हालाही आठवणार नाही.

बायकांचे सोपे आहे. सदस्यांत त्यांचीच संख्या जास्त, म्हणून एक महिला उपाध्यक्ष नेमा आणि सभा पणजीत संध्याकाळी साडेसहाला ठेवा. सांगे-काणकोणच्या सिस्टरला परतीची बस धरायची असते. स्कूटरवाली असली तरी घरी माशांचे हुमण कोणी करायचे? २०१३ चा कायदा लैंगिक छळाच्या तक्रार समितीत निम्म्या बायका मागतो. संघटनेच्या कार्यकारिणीबद्दल तो गप्प आहे. त्याच्या गप्प बसण्याचा मान राखा.

गावडा, कुणबी, वेळीप यांना २००३ साली अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. आपल्याकडे तो दरवर्षी मिळतो, वार्षिक दिनाला, नऊ ते साडेनऊ. फुगडी ठेवा. कार्यकारिणीच्या बायकांना तांबड्या चौकड्यांची कुणबी साडी नेसवा. खरी कुणबी अटेंडंट त्या रात्री नाईटवर असते, तिचीच साडी मागून आणली तर भाडे वाचते. दिव्यांगांची काळजी नको. २०१६ च्या कायद्याने दिव्यांगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले. ऑफिसच्या पायऱ्याही मोजून २१ आहेत, म्हणजे आपण कायद्याला धरूनच आहोत.

समावेशाचा खरा धडा मात्र हॉस्पिटलच्या मागच्या दारी मिळतो. जैववैद्यकीय कचऱ्याचे रंग चार: रक्ताच्या बँडेजला पिवळी पिशवी, सलाइनच्या नळ्यांना तांबडी, सुयांना पांढरा डबा, काचेला निळा. चौघे एका ओळीत गुण्यागोविंदाने उभे, आणि कोणी कोणात मिसळायचे नाही. सिस्टर, टेक्निशियन, फार्मासिस्ट, ड्रायव्हर असे आपले कोपरे पाहिले की मला हीच ओळ आठवते.

त्या पिशव्या उचलते ती कंत्राटी. तिचे काय करायचे, हा तुमच्या कारकिर्दीतला एकमेव अवघड प्रश्न, म्हणून सावकाश सांगतो. कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत आहे, की तो हाताळणाऱ्या आरोग्य कर्मचाऱ्यांना आणि इतरांना कावीळ-ब आणि धनुर्वाताविरुद्ध लस द्यायची. ‘आणि इतरांना’. म्हणजे कचऱ्याच्या नियमांनी तिला आत घेतले. आपल्या संघटनेच्या घटनेत सदस्य म्हणजे ‘कायम सेवेतील कर्मचारी’. १९२६ च्या कायद्याने संघटना नोंदवायला सात जण लागत. ते सात कायमच असावेत असे त्यात कुठेच नव्हते. ती भर आपली. शिवाय ती भायली, म्हणजे गोव्याबाहेरची. सुई कुणाला टोचायची हे ठरवताना मात्र गाव विचारत नाही, हा सुईचा अडाणीपणा.

तर एखाद्या पहाटे पिवळ्या पिशवीत चुकून पडलेली सुई तिच्या तळव्यात घुसेल. ठेकेदार म्हणेल हॉस्पिटलला विचार, हॉस्पिटल म्हणेल ठेकेदाराला. मग ती २१ पायऱ्या चढून तुमच्याकडे येईल. उभी ठेवू नका, वाईट दिसते. खुर्ची द्या, चहा द्या, आणि सदस्यत्वाचा फॉर्म द्या. तिसऱ्या रकान्यात कायम नियुक्तीपत्राची प्रत मागितली आहे. ते तिला वाचता येणार नाही. फॉर्म इंग्रजीत आहे.

पणजीच्या आझाद मैदानावर धरणे असेल त्या दिवशी मात्र कसलाही भेदभाव चालणार नाही! कंत्राटी, भायले, रोजंदारीवाले, सगळ्यांना बोलवा. पत्रकार डोकी मोजतात, नियुक्तीपत्रे नाही. मागणी कायमांच्या वेतनश्रेणीची असू द्या, घोषणा सगळ्यांनी द्याव्यात. तिला बॅनरचे टोक धरायला लावा. मांडवी नदीवरून वारा येतो, पिशव्या उचलून घट्ट झालेला हात बरा. मागणी मान्य झाली की पेढे वाटा. तिच्यापर्यंत येता येता पुडा संपला, तर खांद्यावर हात ठेवून म्हणा, ‘बाय, बॅनर तेवढा नीट घडी घालून ठेव, पुढच्या वर्षी लागेल.’