खुलासा: जुन्या वास्तूतल्या दप्तरखान्यासाठी २४ तास एसी "कंपलसरी" नाही

सध्या एक मेसेज फिरतोय की हवामान बदलतंय म्हणून जुन्या दगडी इमारतीतली कागदपत्रं वाचवायची तर खिडक्या पॅक करा, भिंतींना सिमेंट प्लास्टर करा आणि २४ तास एसी लावा, आंतरराष्ट्रीय नियमच तसा आहे म्हणे. असा नियम नाही. जुन्या वस्तू आणि कागदपत्रांच्या संवर्धनाचं काम करणाऱ्या आयआयसी (आंतरराष्ट्रीय संवर्धन संस्था) आणि आयकॉम-सीसी (आंतरराष्ट्रीय संग्रहालय परिषदेची संवर्धन समिती) या संस्थांचा २०१४चा जाहीरनामा वाचा, त्यात उलट सांगितलंय की संग्रहाची काळजी घेताना एसी किंवा महागडे उपाय गृहीत धरू नयेत आणि स्थानिक हवामान बघावं.

खरी भीती ओलाव्याची आहे. आर्द्रता ६५-७० टक्क्यांच्या वर बरेच दिवस राहिली की बुरशी धरते. जाड भिंती आणि चुन्याचा गिलावा ओल शोषतात आणि हळूहळू सोडतात, त्यावर सिमेंट मारलं की ओल आतच अडकते, आणि एसी दिवसा चालू रात्री बंद असं झालं तर आर्द्रता सारखी वरखाली होते, ते कागदाला आणि विशेषतः चर्मपत्राला (कातड्यापासून केलेल्या लिहायच्या पानांना) फार वाईट.

आता कमी वेळात धो धो पाऊस पडतो आणि जुन्या पन्हळींना तेवढं पाणी झेपत नाही, त्यामुळे पैसे आधी तिथे घाला, छप्पर बघा, पन्हळी साफ ठेवा, रॅक जमिनीपासून वर आणि बाहेरच्या भिंतीपासून लांब ठेवा, डेटा लॉगर (तापमान-आर्द्रता आपोआप नोंदवणारं छोटं यंत्र) लावून वर्षभराच्या नोंदी घ्या. एसी कुठे लागणारच नाही असं नाही, फिल्म-निगेटिव्हना थंडावा लागतोच.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका, कुणी पाठवला तर हा खुलासा द्या, सिमेंट एकदा बसलं की काढताना मूळ भिंत फुटते हो.