‘निम्मी जागा फुकट’ या आक्षेपाबद्दल

नमस्कार. घरच्या स्टोरेज सर्व्हरवरच्या लेखाखाली तुम्ही लिहिलंय: "चार डिस्क घ्यायच्या आणि निम्मी जागा फुकट घालवायची, ही उधळपट्टी आहे. रेड-५ असताना मिरर कशाला? डिस्कवर चिठ्ठ्या लावा, वेगवेगळ्या दुकानांतून घ्या, हे तर निव्वळ सोवळं-ओवळं. वर बॅकअपला आणखी एक डिस्क! विजेचं बिल कोण भरणार?" उत्तर लांबतंय, कारण यातले दोन मुद्दे खरंच वजनदार आहेत.

आधी दोन शब्द. मिरर म्हणजे दोन डिस्कवर तोच डेटा. रेड-५ म्हणजे डेटा सगळ्या डिस्कवर पसरायचा आणि एका डिस्कइतकी जागा पॅरिटीला द्यायची, म्हणजे एक डिस्क गेली तर तिच्यावरचं परत काढून देणाऱ्या हिशेबाला. जागेचा हिशेब तुमचा बरोबर आहे. ८ टीबीच्या ४ डिस्क रेड-५ मध्ये घातल्या की २४ टीबी मिळतात, दोन मिरर जोड्या केल्या की १६. म्हणजे एका अख्ख्या डिस्कचे पैसे. ते कशासाठी मोजायचे, एवढाच आपला वाद.

रेड-५ विरुद्ध नेटवर एक भीती फार फिरते, ती मी लेखात मुद्दाम घेतली नव्हती. बऱ्याच डिस्कच्या माहितीपत्रकात एकावर चौदा शून्यं इतक्या बिटांमागे जास्तीत जास्त एक वाचनचूक असं छापलेलं असतं. तेवढे बिट म्हणजे साधारण १२.५ टीबी, म्हणून तेवढं वाचलं की रीबिल्ड, म्हणजे गेलेल्या डिस्कचा डेटा नव्या डिस्कवर पुन्हा भरणं, कोसळणारच, असा तर्क. पण ती कंपनीने स्वतःवर घातलेली मर्यादा आहे, भविष्यवाणी नव्हे. याहून मोठे पूल (एकत्र जोडलेल्या डिस्कची सामायिक जागा) लोक दर महिन्याला स्क्रब करतात, म्हणजे सगळा डेटा वाचून तपासतात, आणि चुकांच्या रकान्यात शून्यच दिसतं.

माझा आक्षेप साधा आहे. डिस्क गेली की नवी भरायला वेळ लागतो. ८ टीबी जवळपास भरलेली असेल आणि सरासरी वेग सेकंदाला १५० एमबी धरला, तर १५ तास. मध्येच घरातलं कोणी व्हिडिओ बघत बसलं तर जास्त. तेवढा वेळ रेड-५ मध्ये उरलेल्या तिन्ही डिस्क राबत असतात आणि त्यांतली कुठलीही गेली की सगळंच गेलं. मिररमध्ये राबते ती फक्त जोडीदार डिस्क, आणि धोकाही तिच्यापुरताच.

तुम्ही रेड-६ म्हणाला असतात तर मी जास्त अडचणीत आलो असतो! चार डिस्कमध्ये तिथेही १६ टीबीच मिळतात आणि कुठल्याही दोन गेल्या तरी डेटा टिकतो. सहा डिस्कची पेटी असेल तर मीही तेच करेन. चारमध्ये मी मिररकडे झुकतो ते पुढच्या वाढीमुळे. जागा संपली की एका जोडीतल्या दोनच डिस्क मोठ्या घ्यायच्या, एकेक बदलायची, पूल वाढतो. पॅरिटीच्या (रेड-५, रेड-६ सारख्या) पूलमध्ये झेडएफएस ही डिस्क सांभाळणारी फाइल सिस्टिम वापरत असाल तर चारही बदलेपर्यंत एक इंचही जागा वाढत नाही. जानेवारी २०२५ मध्ये आलेल्या ओपनझेडएफएस २.३ (झेडएफएसची मुक्त आवृत्ती) पासून अशा पूलला एकेक डिस्क जोडता येते, हे खरं. पण त्यासाठी पेटीत रिकामा खण लागतो, आणि आधीचा डेटा पुन्हा लिहिला जाईपर्यंत डेटा आणि पॅरिटीच्या जुन्याच प्रमाणात पडून राहतो. चार खणांची पेटी भरलेली असेल तर त्याचा उपयोग काय?

आता सोवळं-ओवळं. लिनक्स डिस्कना एसडीए, एसडीबी अशी नावं देतं, ती डिस्कला कायमची चिकटलेली नसतात. केबल हलवली, कधी नुसतं रीबूट केलं, तरी बदलतात. म्हणून पूल सीरियल नंबरच्या नावांनी बनवायचा आणि त्याच नंबरचे शेवटचे चार आकडे खणाच्या तोंडावर चिकटवायचे. एक डिस्क मेलेली असताना घाईत शेजारची धडधाकट डिस्क उपसली तर रेड-५ जागच्या जागी बंद पडतं. दोन रुपयांच्या चिठ्ठीत हा प्रसंग टळतो. वेगवेगळ्या दुकानांचं म्हणाल तर माझा आग्रह एवढाच, की एकाच जोडीतल्या दोन डिस्क एकाच खोक्यातून आलेल्या नसाव्यात. कुरिअरवाल्याने खोकं आपटलं असेल तर मार दोघींनाही बसलेला असतो.

स्वस्त डेस्कटॉप डिस्कचं तुम्ही ओझरतं विचारलंय. त्यांतल्या बऱ्याच एसएमआर असतात: ट्रॅक कौलांसारखे एकावर एक चढलेले, त्यामुळे एक ट्रॅक बदलायचा तर पुढचेही पुन्हा लिहावे लागतात. सिनेमे साठवायला ठीक. रीबिल्डमध्ये त्या रडकुंडीला आणतात. खोक्यावर ‘नॅस’ (नेटवर्कवरचं स्टोरेज) लिहिलंय म्हणून निर्धास्त राहू नका. वेस्टर्न डिजिटलच्या ‘रेड’ (इंग्रजीतला लाल, वरच्या रेड-५ शी संबंध नाही) या नावाच्या २ ते ६ टीबीच्या काही डिस्क एसएमआर आहेत हे २०२० मध्ये उघड झालं, त्यानंतर सीएमआर, म्हणजे ट्रॅक एकमेकांवर न चढणाऱ्या, डिस्कना ‘रेड प्लस’ हे नाव आलं. मॉडेल नंबर कंपनीच्या यादीत बघूनच घ्या.

विजेबद्दल तुम्ही नेमकं बोट ठेवलंत. नुसती फिरत राहणारी डिस्क साधारण ६ वॉट खाते. चारांचे २४ वॉट, म्हणजे वर्षाला २१० युनिट. पुढचा गुणाकार आपापल्या बिलावरच्या दराने करा. म्हणूनच आज शून्यातून सुरुवात करणाऱ्याला मी १६ टीबीच्या दोन डिस्कचा एकच मिरर सांगेन. जागा तेवढीच, वीज जवळपास निम्मी, दोन खण मोकळे. तुमच्याकडे ८ टीबीच्या तीन डिस्क आधीच आहेत, त्यामुळे तुमचं गणित वेगळं पडतं.

बॅकअपच्या बाबतीत मात्र मी जागचा हलणार नाही. मिरर असो की रेड, चुकून पुसलेलं फोल्डर सगळ्या डिस्कवरून त्याच क्षणी पुसलं जातं. स्नॅपशॉट, म्हणजे डेटाची एखाद्या क्षणीची जपून ठेवलेली अवस्था, त्यातून वाचवतात, पण वीज कोसळून पेटीच जळाली तर स्नॅपशॉटही तिच्यातच असतात. तेव्हा तुम्ही रेड-५ च करा, आणि वाचलेले पैसे बॅकअपच्या डिस्कला लावा. २४ टीबीचा बॅकअप घ्यायचा नाहीये. फोटो, घरचे व्हिडिओ, स्कॅन केलेली कागदपत्रं वेगळ्या डेटासेटमध्ये (पूलमधल्या स्वतंत्र कप्प्यात) काढलीत तर बहुतेक घरांत ते २ टीबीच्या आत बसतं. सिनेमे गेले तर पुन्हा मिळतील. ती डिस्क एन्क्रिप्ट करून भावाकडे किंवा ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये ठेवा, आणि दर दोनेक महिन्यांनी घरी आणून अद्ययावत करताना त्यातल्या चार-पाच फाइल खरंच उघडतायत ना तेही बघा.