‘एक बागायतदार’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर, जरा सविस्तर

‘भर उन्हाळ्यात काय पेरावं’ या माझ्या लेखाखाली ‘एक बागायतदार’ या नावाने आलेली प्रतिक्रिया बऱ्याच जणांनी वाचली असेल. दोघीतिघींनी मला निरोपही पाठवले, की ताई, मनाला लावून घेऊ नका. लावून घेतलेलं नाही. पण प्रतिक्रियेच्या चौकटीत उत्तर मावेना, म्हणून इथे लिहिते.

ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी त्या प्रतिक्रियेचा गोषवारा देते. उन्हाळी भाजीची लागण जानेवारी-फेब्रुवारीत होते, एप्रिल-मेमध्ये टाकलेलं बी जमिनीत भाजून निघतं. वेलांना या दिवसांत नुसती नर फुलं येतात. ‘बी भिजवून पेरा’ हा सल्ला सरसकट देणं चूक. लेख म्हणजे हायब्रीडची जाहिरात. गावात पाण्याची बोंब असताना असं लिहिणं बेजबाबदार. मागच्या मेमध्ये यांनी स्वतः आपल्या द्राक्षबागेच्या बांधावर घरापुरतं काहीतरी टाकलं, त्यातलं काहीच उगवलं नाही. आणि शेवटचं वाक्य जसंच्या तसं: “गच्चीवर चार कुंड्या ठेवणाऱ्यांनी नाशिकच्या लोकांना हंगाम शिकवू नये.”

भाऊ, बाकीच्या मुद्द्यांवर बोलता येईल. आधी या वाक्याचं बघू.

माझ्या कुंड्या मोजायला तुम्ही गच्चीवर कधी आला होतात? गच्ची आहे, कुंड्याही आहेत, त्यात लाज वाटण्यासारखं काही मला दिसत नाही. पण माझे वडील मखमलाबाद शिवारात दुसऱ्याचा मळा वाट्याने करायचे. भेंडी, गवार, दोडका, मधल्या वाफ्यांत लाल माठ. तोडणी पहाटे व्हायची, कारण ऊन चढल्यावर तोडलेली भेंडी बाजारात पोचेपर्यंत मान टाकते. भेंडीच्या लवेने हाताची होणारी आग तुम्ही तुमच्या मजुरांच्या तोंडून ऐकली असेल, मी ती शाळेच्या वहीवर हात घासत काढली आहे. बुधवारी गंगेवरच्या बाजारात आई पाटी घेऊन बसायची आणि शाळा सुटली की मी तिच्या शेजारी. नाशिकबाहेरच्या वाचकांसाठी सांगते, गंगा म्हणजे आमची गोदावरी. तेव्हा हंगाम म्हणजे काय हे मला कुणी पुस्तकातून शिकवलेलं नाही. हे सगळं मी लेखात लिहिलं नव्हतं, कारण गवारीचं बी कसं निवडावं हे सांगायला आपलं घराणं सांगावं लागतं असं मला वाटलं नव्हतं. तुमच्यामुळे सांगावं लागलं.

आईचं माहेर सटाण्याकडचं. तिकडे आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, काय असते हे तुम्हाला मी सांगायला नको, बागायतदार आहात. त्या दिवशी परसात बी लावायला आळी (गोल खड्डे) करायची, त्यात शेणखत घालून दुधी, दोडका, गिलकं (घोसाळं), काकडी यांचं बी टोचायचं, ही रीत काही मी या ब्लॉगवर काढलेली नाही. आखाजी येते एप्रिलच्या उत्तरार्धात नाहीतर मेच्या पहिल्या पंधरवड्यात, म्हणजे ऐन उन्हाळ्यात. माझी आजी मोरीचं पाणी जिथून वाहून जातं तिथेच आळी करायची, म्हणजे वेगळं पाणी घालायला नको. तुमच्याही घरी कुणीतरी हे करत असणार. द्राक्षाच्या बांधावर उभं राहून दिसत नाही एवढंच. अनेक बागायतदारांच्या घरी जूनअखेर ताटात येणारं गिलकं नेमकं कुठून आलं हे त्यांना ठाऊक नसतं, घरातल्या बाईला विचारलं तर कळेल.

आणि द्राक्षाचा विषय निघालाच आहे तर. खरड छाटणी तुम्ही कधी करता? एप्रिलमध्ये. भर उन्हात वेल उघडी बोडकी करता आणि तिने त्याच उन्हात नव्याने फुटावं, पुढच्या हंगामाची माल-काडी (फळ देणारी फांदी) तयार करावी अशी अपेक्षा ठेवता. ती फुटतेही. तिथे ऊन चालतं. माझी गवार मात्र त्याच उन्हात भाजून निघते!

आता भाजून निघण्याबद्दल. नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटरवर आहे. मेमध्ये दुपारी पारा ३८-४० पर्यंत जातो, काही दिवस त्याच्याही वर, वारा कोरडा असतो. हे मलाही माहीत आहे, मीही इथेच राहते. पण बी हवेत नसतं. उघड्या काळ्या मातीचा वरचा पापुद्रा दुपारी पाय ठेववत नाही इतका तापतो, हे खरं. तीच माती उसाच्या पाचटाने किंवा वाळक्या गवताने झाकली, सकाळ-संध्याकाळ ओल राखली आणि बी बोटाच्या एका पेराइतकं खाली ठेवलं की तिथली गरमी भेंडीला हवी तेवढीच असते. भेंडीचं बी २५ ते ३५ अंश गरम मातीत सगळ्यात चांगलं उगवतं. ४-५ दिवसांत माती उचलून वर येतं. जानेवारीत आपल्याच जिल्ह्यातल्या निफाडचा पारा ५-६ अंशांवर घसरतो तेव्हा तेच बी दोन-दोन आठवडे रुसून बसतं, त्यातलं काही कुजतंही. गवार आणि चवळी तर उन्हाचीच पिकं. गवारीचं सोटमूळ खोल जातं, तिला पाणी कमी पडलं तर चालतं, जास्त झालं तर चालत नाही. तांदुळजा, लाल माठ टाकला तर महिन्याभरात कापणीला येतो. मायाळूला तर थंडीच सोसत नाही.

मग जानेवारी-फेब्रुवारीचं काय? तुमचं वेळापत्रक खोटं आहे असं मी कुठेही म्हटलेलं नाही. ते बाजाराचं वेळापत्रक आहे. फेब्रुवारीत टाकलेली भेंडी-गवार मार्च-एप्रिल-मेमध्ये तोडायला येते, तेव्हा भाव असतो, आणि पाऊस यायच्या आत रान मोकळं होतं. ज्याला बाजार समितीत माल न्यायचा आहे त्याने तेच करावं. माझी वाचक चार फुटांच्या वाफ्यात घरापुरती भाजी लावते. तिला भावाशी काय देणंघेणं? आणि खरं तर तुमचे भाऊबंदही एवढे कर्मठ नाहीत. उन्हाळ्यात कोथिंबिरीची जुडी महागते म्हणून आपल्याच जिल्ह्यात लोक एप्रिल-मेमध्ये धने टाकतात. कोथिंबीर तर थंडीची. मी माझ्या लेखात तिला ‘सावली आणि पाणी दोन्ही मुबलक असेल तरच’ या गटात घातली होती. लेट्यूस आणि गाजराला सरळ नाही म्हटलं होतं. लेट्यूसचं बी तापल्या मातीत मरत नाही, झोपी जातं, आणि आपण बीवाल्याला शिव्या देतो. मेथी उगवते, पण चार पानांवरच फुलायच्या गडबडीत असते. हे सगळं लेखात होतं. लेख पूर्ण वाचला असता तर दिसलं असतं. पहिले दोन परिच्छेद वाचून प्रतिक्रिया लिहायची ही आजकालची पद्धत आहे, तुम्हाला एकट्याला दोष देत नाही.

एक मात्र मान्य करते. ‘बी भिजवून पेरा’ हे वाक्य मोघम होतं. त्यावर तुम्ही बोट ठेवलंत, ते बरोबर ठेवलंत, लेखात दुरुस्ती केली आहे. भेंडी रात्रभर भिजवावी. कारली, दोडका, गिलकं यांचं बी टणक असतं, तेही रात्रभर भिजवून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवावं. गवार-चवळी पाण्यात फार ठेवू नये, फुगून साल फुटते आणि मग मातीत कुजते. फुलांचं बारीक बी भिजवायचा प्रश्नच नाही. घ्या, तुमचा एक मुद्दा झाला.

नर फुलांचं थोडक्यात. लांब दिवस आणि कडक ऊन असलं की काकडीवर्गीय वेलांना नर फुलं जास्त येतात (फळ धरतं ते मादी फुलांना), हे खरंच आहे. पण आखाजीला टोचलेलं बी फुलावर येतं ते साधारण दीड महिन्याने, म्हणजे जूनच्या मध्यावर, ढग आलेले असताना. सुरुवातीची फुलं नर असतातच, ती कुठल्याही महिन्यात असतात.

हायब्रीडची जाहिरात हा आरोप वाचून मी माझाच लेख पुन्हा उघडून बघितला. मी नावं घेतली होती ती अशी: भेंडीत बेंगळुरूच्या बागवानी संस्थेची अर्का अनामिका आणि आपल्या परभणी विद्यापीठाची परभणी क्रांती, गवारीत पुसा नवबहार, चवळीत पुसा कोमल, काकडीत राहुरी विद्यापीठाची हिमांगी, कारल्यात त्यांचीच हिरकणी. यातलं एकही हायब्रीड नाही. सगळे सरकारी संस्थांचे सुधारित वाण, बी घरी धरता येतं. (भेंडी शेजारच्या भेंडीशी थोडीफार संकरित होते, तेवढं अंतर राखावं.) एकाही कंपनीचं नाव लेखात नाही. सुधारित आणि हायब्रीड यातला फरक बागायतदाराला मी सांगायचा? असो. गावरान बी मिळालं तर जरूर लावा, मीही लावते. पण भेंडीवर हळद्या आला, पानांच्या शिरा पिवळ्या पडल्या, की गावरान आधी झोपते. तो रोग पांढरी माशी पसरवते आणि कोरड्या उन्हात ती माशी भलतीच खुशीत असते, म्हणून मी आधी त्यातल्या त्यात तग धरणाऱ्या वाणांची नावं घेतली. परभणी क्रांतीही आता पूर्वीइतकी टिकत नाही, हेही लिहिलं होतं.

वाण कुठलाही घ्या, पाकिटामागची तारीख बघा, हे मी ठळक अक्षरांत लिहिलं होतं आणि ते पुन्हा लिहिते. प्रमाणित बियाण्याला निळी खूणचिठ्ठी असते. पाकिटावरच्या लेबलवर उगवणक्षमता, चाचणीची तारीख आणि मुदत छापलेली असते. भेंडीला किमान ६५ टक्के उगवण धरलेली आहे, काकडीवर्गीय वेलांना ६०. म्हणजे चांगल्या पाकिटातलेही सगळे दाणे उगवायचे नाहीत, थोडं जास्तच टोचावं. उन्हाळ्यात तर दुकानाच्या दारात, उन्हात टांगलेली पाकिटं घेऊच नयेत. एका दुकानाने मला मागच्या वर्षीची मुदत संपलेली गवार ‘ताजी आहे ताई’ म्हणून दिली होती. ‘ताई’ म्हणून गळ्यात काहीही बांधायची सवय फक्त प्रतिक्रिया लिहिणाऱ्यांनाच असते असं नाही.

गंमत म्हणजे अर्धा लेख फुलांवर होता आणि फुलांबद्दल तुम्ही चकार शब्द काढलेला नाही. बागायतदारांना फुलं म्हणजे बायकांचं काम वाटत असावं. गलांडा लावणारे शेतकरी काय म्हणतील ते त्यांनाच विचारा. फुलांमध्ये उन्हाची निवड जास्त सोपी आहे, कारण बरीचशी उन्हाळी फुलं मुळातच तापल्या मुलखातली. झिनिया मेक्सिकोची, ऑफिस टाइम दक्षिण अमेरिकेची, सदाफुली मादागास्करची. ऑफिस टाइमचं बी धुळीसारखं असतं, रेतीत मिसळून मातीवर नुसतं भुरभुरवायचं, झाकायचं नाही, त्याला उजेड लागतो. सदाफुलीचं उलट, तिला अंधार हवा, म्हणून मातीचा पातळ थर द्यायचा आणि उगवेपर्यंत वर ओलं गोणपाट. झिनिया थेट जागेवर टोचावी, ४-५ दिवसांत वर येते. ती पावसात भुरीने आणि पानांवरच्या ठिपक्यांनी खराब होते, म्हणून तिला पावसाआधी जितके दिवस मिळतील तितके बरे. गुलबक्षी एकदा टाकली की पुन्हा पेरायची गरज पडत नाही, ती आपण होऊन येते आणि नको तिथेही येते. पेटुनिया, पॅन्झी मात्र आता विसरा, ती थंडीची.

राहिलं पाणी. त्या वाक्याला उत्तर द्यावं असं मला वाटत नाही. चार फुटांच्या वाफ्याला भाजी धुतलेलं पाणी पुरतं. बेजबाबदार हा शब्द कुणाला वापरावा याचा विचार द्राक्षाच्या बागेत ठिबक सोडताना करावा. बस.

तुमची प्रतिक्रिया मी काढून टाकलेली नाही, टाकणारही नाही. पण त्यात एक वाक्य कामाचं होतं आणि नेमकं त्यावरच तुम्ही धावत पुढे गेलात: मागच्या मेमध्ये बांधावर टाकलं, काही उगवलं नाही. एवढंच लिहून विचारलं असतंत तर मी आनंदाने डोकं चालवलं असतं. अजूनही चालवेन. काय टाकलं होतं, भेंडी की पालक-कोथिंबीर? बी कुठल्या सालचं? किती खोल? वर पाचट होतं की उघडी काळी माती? पाणी सकाळी देत होतात की भर दुपारी? आणि मुंग्या बघितल्या होत्या का, बांधावर मुंग्या लाल माठाचं बी एका रात्रीत वाहून नेतात. एवढं लिहा. नावासकट लिहिलंत तर आणखी बरं.