तार ओढून बघायला हवी

२६ मार्च २०२४ ला इथे अमेरिकेत बाल्टिमोरचा पूल पडला, त्या दिवशी धाकट्या भावाचा गोव्यातल्या बेतीहून फोन आला. मी सुखरूप आहे हे कळल्यावर म्हणाला, "ताई, म्हणजे तुमच्याकडेसुद्धा पूल पडतात तर!" बोलण्यात काळजी होती, आणि थोडं समाधानही. ते मला टोचलं, पण त्याचा राग आला नाही. गोव्यात काही कोसळलं की 'इथे असं कधी होत नाही' हे आम्ही परदेशातलेच आधी ऐकवत असतो.

५ जुलै १९८६ ला मांडवीवरचा नेहरू पूल कोसळला तेव्हा मी सहावीत होते. पुलाला पुरती वीस वर्षंही झाली नव्हती. आतल्या ताणलेल्या पोलादी तारा खाऱ्या हवेत गंजून गेल्या होत्या. वरून बघणाऱ्याला त्या दिसणार कशा? घरासमोर दिसणारी पणजी एका दिवसात लांब गेली. फेरीबोटीची रांग, पावसात भिजलेली दप्तरं, फेरी धक्क्याला लागताना होणारा लोखंडाचा खरखराट. पुढची कित्येक वर्षं आमचं येणंजाणं हेच होतं.

बाबा खनिजवाहू बार्जवर वायरमन होते. दुरुस्ती झाली की पॅनेलमधली प्रत्येक वायर चिमटीत धरून ओढून बघायचे. कोणी घाई केली तर म्हणायचे, "स्क्रू आवळलाय हे दिसतं. वायर बसलीय की नाही, ते बोटालाच कळतं." नोव्हेंबर २०२५ मध्ये इथल्या वाहतूक सुरक्षा मंडळाने बाल्टिमोरच्या पुलावर आदळलेल्या 'डाली' जहाजाच्या अपघाताचे निष्कर्ष मांडले, तेव्हा मला बाबांची ती चिमूट आठवली.

कारण होतं एक सैल वायर. वायरीच्या टोकाजवळ तिचा क्रमांक लिहिलेली लेबलची पट्टी असते. ती जरा पुढे बसली होती, म्हणून टोक खाचेत पूर्ण गेलंच नाही. ते निसटलं आणि जवळजवळ तीनशे मीटर लांबीच्या जहाजाची वीज गेली. ती परत आली, पुन्हा गेली, आणि पहाटे दीडच्या सुमारास जहाज खांबावर आदळलं. १९७७ पासून उभा असलेला फ्रान्सिस स्कॉट की पूल काही सेकंदांत पाण्यात गेला. हजारो जोडण्यांमधली एक वायर शोधून तिचा फोटो लोकांसमोर ठेवणं, हे मला या देशाकडून घ्यावंसं वाटतं.

मात्र इथलं सगळं आलबेल आहे असं मी भावाला सांगणार नाही. १९८० मध्ये फ्लोरिडात टँपा बेवरचा पूल जहाजाच्या धडकेनेच पडला होता आणि ३५ माणसं गेली होती. तिथे नवा पूल बांधताना खांबांभोवती भक्कम संरक्षण उभारलं. बाल्टिमोरच्या खांबांना तेवढं संरक्षण नव्हतं. धडकेने पूल पडण्याचा धोका किती, याचा हिशेबच तिथे कोणी मांडला नव्हता. अपघातानंतर मांडला तेव्हा तो महत्त्वाच्या पुलांसाठी ठरलेल्या मर्यादेच्या जवळपास तीसपट निघाला. मग मंडळाने १९ राज्यांतल्या ६८ पुलांची यादीच जाहीर केली: यांचा हिशेब करा. ही यादी ४४ वर्षं आधी निघायला हवी होती.

आणि मेले कोण? रात्रपाळीत पुलावरचे खड्डे बुजवणारे. मेक्सिको, ग्वाटेमाला, होंडुरास, एल साल्वादोरहून पोट भरायला आलेले. आठ जण पुलावर होते, सहा गेले. जहाजावरून धोक्याचा निरोप आला, पोलिसांनी दोन्ही टोकांना गाड्या अडवल्या, त्यामुळे कित्येक जीव वाचले. पण तो निरोप पुलावरच्या कामगारांपर्यंत वेळेत पोचला नाही. हे वाचल्यापासून माझ्या मनातून जात नाही. जहाजावरचे खलाशी बहुतेक आपलेच, भारतीय. अपघातानंतर इथे त्यांची टवाळी करणारं व्यंगचित्र फिरलं, तेव्हा संताप आला. आमच्या गोव्यात तर प्रत्येक वाड्यावर कोणी ना कोणी बोटीवर आहे.

गोव्यात मी दोन्ही बाजूंचं बोलणं ऐकते. एक म्हणतात, अमेरिकेतही होतं, मग आपल्याला काय बोलता? दुसरे म्हणतात, कंत्राटदाराला आत टाका. त्याला आत टाकाच, माझी हरकत नाही. पण त्याने पुढचा खांब वाचत नाही. २०१६ मध्ये सावित्री नदीवरचा जुना पूल वाहून गेला आणि दोन एसट्या प्रवाशांसकट गेल्या. मुंबईला जाणारं आमचं प्रत्येक घर त्या रात्री हादरलं. नवा पूल वर्षाच्या आत उभा राहिला, त्याचं कौतुक सगळ्यांना तोंडपाठ आहे. जुना नेमका कशाने गेला, हे किती जणांना सांगता येईल?

भरकटलेलं जहाज आपल्याला नवं नाही. २००० च्या पावसाळ्यात 'रिव्हर प्रिन्सेस' कांदोळीच्या किनाऱ्यावर रुतलं आणि दशकभर तिथेच गंजत राहिलं. २०१७ च्या जुलैत एक कॅसिनो जहाज मिरामारच्या वाळूत अडकलं. मांडवीत आज तीन पूल शेजारी शेजारी उभे आहेत, जुवारीवर नवा पूल आहे, आणि या नद्या बार्जच्या नद्या आहेत. कोणता खांब किती वजनाच्या, किती वेगाच्या बोटीचा धक्का सोसेल, याचा हिशेब मराठीत आणि कोंकणीत, खांबागणिक जाहीर करा, एवढंच मागणं आहे. त्यासाठी पूल पडायची वाट का बघायची?

भावाला मी हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, "अगं, पण विचारायचं कोणाला?" मग मीच त्याला एक काम सांगितलं. तो ज्या पुलावरून कामाला जातो, तिथे रात्री डागडुजी चालू असते. पाण्यातून काही येतंय हे तुम्हाला कोण कळवणार, एवढंच तिथल्या कामगारांना विचार म्हटलं. विचारल्यावर एका पोराने खिशातून मोबाइल काढून दाखवला. त्यात मुकादमाचा नंबर होता. मुकादम रात्री घरी असतो.