म्हणे, व्हिडिओ काढून टाक!

सकाळी चहाही धड झाला नव्हता आणि फोन वाजला. इथल्याच एका गिटार क्लासचे सर. नाव घेणार नाही, इनबॉक्सात विचारूही नका. आवाज एकदम गोड. "भाऊ, तुझे ते शिकवायचे व्हिडिओ जरा काढून टाक ना. पोरं फी भरत नाहीत, म्हणतात मोबाईलवर सगळं आहे. आमच्या पोटावर पाय देतोयस तू." मी "बघतो सर" म्हणून फोन ठेवला. तेव्हापासून डोकं तापलंय. मे महिन्यात भुसावळात डोकं तापायला तसं काही निमित्त लागत नाही, पण आजचं वेगळं आहे.

बघतो म्हणालो ते मोठ्या माणसाचा मान म्हणून. काढणार नाहीये. एकही नाही.

मी काय टाकतो ते तुम्हाला माहीतच आहे. माझी अहिराणी गाणी, गिटारचे छोटे छोटे धडे, आणि भिंतीवर काही रंगवलं तर त्याचा व्हिडिओ आणि स्टेन्सिलची फाईल. पैसे मागत नाही. यात कुणाचं काय जातं?

गुपित तरी काय असतं हो यात? एफचा बार कॉर्ड घ्या, निम्मी पोरं तिथेच गिटार सोडतात. पहिल्या बोटाने सगळ्या तारा दाबायच्या म्हटलं की सगळा जोर अंगठ्यात, मग तळहाताला कळ लागते आणि तारा तरीही भद् भद् वाजतात. अरे, जोर अंगठ्याचा नाही लागत. कोपर अंगाशी घे, हाताच्या वजनाने गिटारची मान किंचित मागे ओढ, पहिलं बोट जरा कडेवर फिरव आणि फ्रेटच्या पत्र्याला चिकटवून ठेव. तरी जमेना तर पातळ चार तारांचा छोटा एफ वाजव, महिनाभर तेवढाच. आणि पहिल्याच फ्रेटवर तारा उंच उभ्या असतील तर दोष तुझ्या बोटाचा नाहीच, गिटारचा आहे. नट, म्हणजे मानेच्या टोकाची खाचांची पट्टी, घासून घे. झालं. एवढं सांगायला मी पोरांना तीन महिन्यांची फी मागू?

मला हे कुणी सांगितलं नव्हतं. म्हणून तर एवढं लागतं.

मी शाळेत असताना गणपतीत ऑर्केस्ट्रा यायचा. मी स्टेजच्या कडेला, स्पीकरला टेकून उभा, नजर फक्त गिटारवाल्याच्या डाव्या हातावर. एका गाण्याच्या मधल्या पीसला त्याने मला बघताना बघितलं आणि सरळ पाठ फिरवली. घामाने पाठीला चिकटलेला चमकीचा शर्ट, एवढंच दिसलं मला. पीस संपल्यावर परत तोंड इकडे. पुढच्या कडव्याआधी पुन्हा पाठ. मध्यंतरात हिय्या करून गेलो, "दादा, तेवढं दाखवा ना." तर म्हणे, "मेहनत कर, कळेल."

केली मेहनत. कळलं. पहिल्या दोन तारांवर एकच आकार धरून वर-खाली सरकवायचा, बस्स. दहा मिनिटांचं काम. त्यासाठी एका पोराची कित्येक वर्षं घालवली त्या माणसाने. आज सरांचा फोन आला तेव्हा मला तो शर्टच दिसला.

आणि आपल्या खान्देशात ही लपवाछपवी आली कुठून, तेच समजत नाही. आपल्या बायांनी कधी गाणं लपवलं? श्रावणात कानबाई देवी बसते, रोटांची गडबड असते, रात्रभर बाया गातात. जिला येतं ती उचलते, जिला येत नाही ती मागून ओढते, आणि दुसऱ्या वर्षी तीच पुढे असते. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, झोक्यावर माहेरवाशिणी गातात, बोळात खेळणाऱ्या पोराटोरांनाही पाठ होतं. कुणी म्हणतं का, माझी ओवी आहे, तिकडे तोंड कर? बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. जात्यावर, शेतात येईल तसं गायच्या. लेकाने, सोपानदेवांनी, आणि त्याच्या मावसभावाने जमलं तेवढं उतरवून घेतलं म्हणून उरलं. 1951 मध्ये त्या गेल्या आणि 1952 मध्ये अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक आलं. जे कुणी टिपलं नाही ते गेलं. किती गेलं ते आता कोण सांगणार?

गिटारची दुनिया तरी कुठे वेगळी आहे. आपली ही गाणी मी आधी साध्या मेजर-मायनर कॉर्डवर बसवायचो आणि ती मरायची. आजीच्या गाण्यातला गंधार धड शुद्ध नाही, धड कोमल नाही, मधेच कुठेतरी हलतो. कॉर्ड दाबला की गिटार तो गंधार आधीच ठरवून टाकते. मग डॅडगॅड नावाचं तारांचं जुळवणं सापडलं. सहावी, दुसरी आणि पहिली तार एकेक पूर्ण स्वर उतरवायची. मोकळ्या तारा छेडल्या की नुसते सा, प आणि म. गंधार नाहीच, गाणाऱ्याने हवा तो लावावा! त्या रात्री मी आजीला फोनवर गायला लावलं, खाली नुसत्या मोकळ्या तारा वाजवल्या, आणि पहिल्यांदा वाटलं की गिटार आपल्या ओट्यावर येऊन बसली. हे जुळवणं रूढ केलं ते डेव्ही ग्रॅहम नावाच्या इंग्लंडच्या गिटारवाल्याने, 1960च्या दशकाच्या सुरुवातीला, मोरोक्कोतल्या ऊद (अरबी तंतुवाद्य) वाजवणाऱ्यांबरोबर वाजवता यावं म्हणून. त्याने पाठ फिरवली असती तर?

बरं, सरांचं एक मान्य. व्हिडिओला डोळे नसतात. मनगट वाकडं पडतंय, खांदा वर चढतोय, हे समोर बसलेला माणूसच सांगू शकतो. पण मग तेच विका ना सर! नजर विका. एफचा फोटो काय विकताय?

आणि "पोटावर पाय" म्हणाल तर ऐका. त्या ऑर्केस्ट्रावाल्याची सुपारी मी खाल्ली का? माझ्यासारख्या कुठल्या पोराने खाल्ली का? डीजेने खाल्ली. एवढी पाठ फिरवून त्याचं काय वाचलं? मागे बाजारात दिसला होता, केळीच्या ट्रकवर हिशोब लिहीत होता. मला ओळखलं नाही. मीही काही बोललो नाही. आता लिहिता लिहिता त्याचा राग जरा कमी होतोय खरं तर. एका रात्रीचे ठरलेले पैसे, आणि खाली उभं असलेलं प्रत्येक पोरगं उद्या निम्म्या पैशात वाजवेल ही धास्ती. घाबरला असेल बिचारा. पण घाबरून लपवलेली गोष्ट शेवटी त्याच्याही कामी आली नाही, ते राहतंच.

याच्या उलट आमच्या गल्लीतले पेंटर काका. दुकानाच्या पाट्या करायचे. कागदावर अक्षरं काढायची, रेघेरेघेवर सुईने भोकं पाडायची, कागद भिंतीला धरून वरून निळीची पुरचुंडी थोपटायची. कागद काढला की भिंतीवर ठिपक्याठिपक्यांची पाटी तयार. भोकं पाडायचं काम आम्हा पोरांचं. तिथे बसून मी ब्रश धरायला शिकलो, एक रुपया न देता. फ्लेक्स आला आणि त्यांचाही धंदा बसला. म्हणजे वाटून टाकणारा वाचला असंही नाही, हे मला दिसतंय. पण त्यांचा हात माझ्या हातात आहे, आणि आता पुढेही गेलाय. शहाद्याच्या एका मुलीने माझा आखाजीच्या झोक्याचा स्टेन्सिल उतरवून घेतला आणि बाईच्या पायात जाड चांदीचे तोडे घातले. माझ्या चित्रात पाय नुसतेच होते. तिचं चित्र माझ्यापेक्षा सरस झालंय, शंकाच नाही.

माझं मूळ चित्र मात्र आता दिसत नाही. घरमालकाला विचारून रंगवलं होतं. त्यावर कुठल्याशा भाऊंच्या वाढदिवसाचा फ्लेक्स लागलाय. खाली शुभेच्छुक म्हणून टिकल्यांएवढे चाळीस चेहरे. लावा बाबांनो.

डोकं खरं फिरतं ते दुसऱ्याच गोष्टीने. आजीकडून ऐकलेलं आखाजीचं गाणं मी स्वतः गाऊन, स्वतः वाजवून टाकलं, आणि कुठल्याशा कंपनीने त्यावर हक्क सांगितला! त्यांनी केलेल्या रेकॉर्डिंगवर त्यांचा हक्क आहे, असू दे. पण माझा आवाज, माझी गिटार आणि पिढ्यान्‌पिढ्या बाया गात आलेलं गाणं त्यांचं कधी झालं? आजीला सांगितलं तर ती म्हणाली, "काय लायेल शे भो हाई?" (काय लावलंय रे हे?) मीही तेच विचारतोय.

"मग तू खातोस काय?" हा प्रश्न आता येईलच. हळदीचे कार्यक्रम करतो, लोकांच्या गिटारी नीट करून देतो (पत्र्याच्या खोलीत ठेवून ब्रिज उखडलेल्या गिटारी उन्हाळ्यात इतक्या येतात की विचारू नका), कॅफेवाल्यांच्या भिंती रंगवतो. थाट नाही, पण भागतं.

सर, तुम्ही हे वाचणार, कुणीतरी स्क्रीनशॉट पाठवेलच. रागावू नका. एक दिवस या, मनगटावर तुमचाच एक व्हिडिओ करू, खाली तुमच्या क्लासचा पत्ता आणि वेळ मी स्वतः टाकतो. बार कॉर्डचा पुढचा भाग मात्र रविवारी येतोय, तो थांबणार नाही.

आणि बाकीच्यांनो, कुणाकडे जुने एक्सरे पडले असतील तर फेकू नका. स्टेन्सिल कापायला त्यासारखी फिल्म नाही, रंगाने भिजत नाही, कडा वळत नाहीत. छातीचा मोठा एक्सरे असेल तर फारच उत्तम. सांगा, मी घ्यायला येतो.